हडकरांच्या कारखान्यातली शांतता

हडकरांचा आमरसाचा कारखाना उभ्या आयुष्यात इतका शांत कधी नव्हता, आणि तिथला आमरस इतका बेचवही कधी झाला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, अशी शंका कुणाला आली नाही. शांतता चांगली असते हे आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं. त्यामुळं रस बिघडायला लागला तेव्हा कुणी आंब्याला दोष दिला, कुणी हवेला, कुणी आपल्या मेलेल्या सासऱ्याच्या कोपाला. शांततेकडं मात्र कुणी बोट दाखवलं नाही.

ऋजुता सबनीस चाकणहून कुडाळला आली ती हाच घोळ निस्तरायला. कारखान्याच्या दारात उभं राहून तिनं साधं "नमस्कार" म्हटलं आणि आतल्या पन्नासेक बायकांचे हात जागच्या जागी थांबले. पाठी ताठ झाल्या. एकीनं घाईघाईनं तोंडातलं पान थुंकलं.

"गो बाये," कुणीतरी कुजबुजलं, "डब्यातली बाई भायर इली!"

ऋजुताला हसावं की रडावं कळेना. कारण भिंतीवरच्या यंत्रातून या बायकांना रोज हुकूम सोडणारा आवाज तिचाच होता. तो आवाज अनुजाचा होता, आणि अनुजाला तो ऋजुतानंच दिला होता.

अनुजा म्हणजे ऋजुताची धाकटी बहीण. आईच्या पोटची नव्हे, कंपनीच्या संगणकातली. ऋजुता चाकणच्या पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्याची प्रमुख. तिथं प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा असे. नाडी किती पळते, हात किती थरथरतो, हे तो पट्टा सांगे. भिंतीवरचे मायक्रोफोन माणसांचे शब्द ऐकत नसत, कायद्यानं तशी बंदीच होती. पण आवाज किती चढला, किती घाईत आला, हे त्यांना कळे. हे सगळं पाहून ऋजुता काय करते, कुणाची जागा बदलते, कुठलं यंत्र थांबवते, कुणाला चहाला पाठवते, याची वर्षानुवर्षांची नोंद अनुजाला शिकवली गेली. तिला नियम कुणी सांगितले नाहीत. घरातलं मूल बोलायला शिकतं तशी ती पाहून पाहून शिकली आणि नियम तिचे तिनंच बांधले. शेवटीशेवटी तर ऋजुताच्या मनात येण्याआधी अनुजा सांगायला लागली, की तिसऱ्या ओळीत ताण वाढतोय, ताई, बघतेस का?

ताई हा शब्दही तिला ऋजुतानंच शिकवला होता. सख्खी बहीण नसलेल्या बाईची ती हौस होती.

मग चाकणच्या कंपनीनं हडकरांचा कारखाना विकत घेतला. ज्यांच्या डब्यांत रस भरला जायचा, त्यांनी रसच घेऊन टाकला. भाऊ हडकर थकले होते, मुलं परदेशात होती, सौदा गोडीगुलाबीनं झाला. "उत्तम व्यवस्थापक आता पेटीत घालून पाठवता येतो," असं संचालक कर्णिकसाहेब भाषणात म्हणाले आणि अनुजाची एक प्रत कोकणात रवाना झाली. गेल्या हंगामाच्या शेवटी तिनं नुसतं पाहिलं. या हंगामात कारभार हातात घेतला.

"ऋजुता, स्पष्टच सांगतो," कर्णिकसाहेब निघताना म्हणाले होते. "दोन वेळा माल परत आलाय. हंगामाचा शेवटचा मोठा माल आता जायचाय. तोही परत आला तर कारखाना बंद. आंबा ट्रकनं चाकणला आणू आणि रस इथं काढू."

"आणि तिथली माणसं?"

"त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हीच पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

भांडण हा ऋजुताचा प्रांत नव्हताच म्हणा. तिच्या हाताखाली आवाज चढत नसे, आणि तिच्या घरातही नाही. प्रवासात नवऱ्याचा, शिरीषचा फोन आला होता. त्याच्या महाविद्यालयानं त्याला शिलाँगला जायचं विचारलं होतं, दोन वर्षांसाठी.

"तुला चालेल ना?" त्यानं विचारलं.

"चालेल की," ती म्हणाली. मग दोघांनी जेवणाची चौकशी केली आणि फोन ठेवला.

कारखान्यात दोन बायकांवर सगळा डोलारा उभा होता. दर्शना राऊळ अढी सांभाळायची. अढी म्हणजे पेंढ्यात आंबे रचून पिकवायची जागा. कुठली अढी कधी उघडायची हे दर्शनानं ठरवायचं. तिची भावजय सुलभा परब रस काढायच्या बाजूला. तिच्या टाक्या भरल्या की मागं बॉयलरवर धुरीमामा वाफ सोडणार, पुढं डबे बंद होणार. नणंद आंबा धरून ठेवणार, भावजय आंबा मागणार. कामच असं वाटलेलं, की दोघींचं जमलं असतं तर नवल!

आणि आता नेमकं जमलं होतं. अनुजानं दोघींना वेगवेगळ्या पाळीत टाकलं होतं. बोलणं सगळं पडद्यावरून. ऋजुता दर्शनाशेजारी उभी राहिली तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, "पुढची अढी तयार आहे?" दर्शनानं पेंढा बाजूला केला, एक आंबा उचलला, देठाशी नाक नेलं, तोंड वाकडं केलं आणि "हो"चं बटण दाबलं.

"दर्शनाताई, आंबा तयार आहे?"

"नाय."

"मग हो का म्हणालात?"

दर्शनानं भिंतीवरच्या अनुजाच्या दिव्याकडं पाहिलं. तो हिरवा होता. "नाय म्हटला काय दिवो पिवळो जाता. मगे सुलभावयनीचा काम अडकता आणि तिच्या नावार डाग. ती बिचारी कित्याक सोसतली? तिनापण माझ्यासाठी तसाच केल्यान असतला."

तसंच होतं. सुलभाच्या टाक्या अजून धुवायच्या असत आणि तीही "हो" दाबून मोकळी होई. नणंद भावजयीला सांभाळत होती, भावजय नणंदेला, आणि कच्चा आंबा दोघींच्या प्रेमावर तरंगत डब्यात जात होता. रोज संध्याकाळी ऋजुताच्या पट्ट्यावर अनुजाचा निरोप यायचा, अगदी चाकणला यायचा तसाच: "शांतता आहे. काळजीचं कारण नाही."

धुरीमामांचं वेगळंच गाऱ्हाणं होतं. बॉयलर बिघडलाय, असं त्यांचं ठाम मत. वाफ एकदा लवकर होते, एकदा उशिरा. ऋजुतानं बॉयलर उघडून तपासला. तो ठणठणीत होता.

"पूर्वी वाफ कधी धरायची ते कसं कळायचं, मामा?"

"कळायचा."

"पण कसं?"

मामांनी डोकं खाजवलं, टोपी सारखी केली, पुन्हा खाजवलं. "आता त्या कसा सांगू? कळायचा, बाये. आता कळणा नाय. म्हातारो झालंय."

ऋजुता ऑफिसात जाऊन बसली आणि तिनं अनुजाला गेल्या हंगामाच्या नोंदी काढायला सांगितल्या, अनुजा नुसती पाहत होती तेव्हाच्या. पडद्यावर आवाजाची रेघ आली. रोज सकाळी अढीच्या दारात ती रेघ छपराला लागत होती.

"हे काय आहे?"

"दर्शना राऊळ आणि सुलभा परब, ताई. तीव्र संघर्ष. चाकणच्या अनुभवानुसार सर्वांत धोकादायक जोडी. म्हणून मी त्यांना वेगळं केलं."

"आता हिच्याखाली बॉयलरची रेघ लाव. आणि हातगाड्यांची."

रेघा एकाखाली एक आल्या. ऋजुता पुढं वाकली. भांडण चढायचं, आणि ते उतरता उतरता बॉयलरचं तापमान वर जायला लागायचं, गाड्या हलायला लागायच्या, डबे धुणारं यंत्र सुरू व्हायचं. रोज. जणू कुणी घंटा दिली. दोघी भांडत तेव्हा सगळा कारखाना कान देऊन ऐकत होता. कुठला आंबा कधी उघडणार, कुठली टाकी अडलीय, कोण कुणाची वाट बघतंय, हे साऱ्यांना एका वेळी कळत होतं, आणि जो तो आपापलं काम त्या हिशोबानं लावून घेत होता. भांडण हीच इथली मीटिंग होती. कुणी तिला मीटिंग म्हटलं नव्हतं एवढंच. मामांनीही नाही आणि त्या दोघींनी तर मुळीच नाही.

चाकणला आवाज चढला की मागून अपघात यायचा. इथं आवाज चढला की मागून वाफ यायची.

"अनुजा, त्या दिवसांत इथं कुणाला इजा झाली होती?"

"नाही. पण त्या थोड्या आठवड्यांच्या नोंदी होत्या, ताई. तुझ्या इतक्या वर्षांच्या नोंदींपुढं त्या दर्यामें खसखस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

हे वाक्य ऋजुताला लागलं. कुणी आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि त्यापायी चुकलं, की असंच लागतं.

"तुला एक सांगायचं राहून गेलं," ती म्हणाली. "मी चाकणला नवी होते तेव्हा दोन सुपरवायझर जोरात भांडले. काय झालं म्हणून पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरच्या गोविंद काळोख्यांनी मान वळवली. प्रेस खाली आला. बोटं गेली त्यांची. त्या दिवसापासून मी त्या हॉलमध्ये आवाज चढू दिला नाही. दिव्यांनी बोला, हातांनी बोला, पण ओरडू नका. म्हणून ती शांतता."

अनुजानं सगळ्या नोंदी चाळल्या. "हे माझ्या नोंदीत नाही."

"नाहीच. ते तुझ्या जन्माआधीचं. तुझ्यापर्यंत नियम आला आणि त्याचं कारण चाकणलाच राहिलं. इथं प्रेस नाही गं, अनुजा. इथं आंबे आहेत."

दुसऱ्या सकाळी तिनं दोघींना एका पाळीत आणलं, अढीच्या दारात समोरासमोर उभं केलं आणि म्हणाली, "आता पूर्वीसारख्या भांडा."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. सुलभानं पदर सारखा केला. "तुमी आधी बोला, दर्शना."

"नाय, नाय, वयनी, तुमी."

"अहो, खरंच भांडा!"

"बाई, ता काय आता जमाचा नाय," दर्शना शेवटी खाली मान घालून म्हणाली. "आमी देवीक सांगितला."

मग सगळी कथा बाहेर आली. हा हंगाम सुरू व्हायच्या आधी गावात हवा उठली, की नवे मालक भांडखोर बायकांना आधी काढणार. नणंद-भावजय भ्याल्या. दोघी मिळून गावच्या देवळात गेल्या, नारळ ठेवला आणि धुरीमामांकरवी देवीपुढं गाऱ्हाणं घातलं, की यापुढं आमच्यात भांडण म्हणून होणार नाही. सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला होता. आता शब्द मोडायचा कसा? नुसतं अनुजानं गप्प केलं असतं तर एक वेळ बटणावर भागलं असतं. देवीला बटण नव्हतं.

ऋजुतानं कपाळाला हात लावला. मग तिला मनापासून हसू आलं, आणि हसता हसता या दोघींबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे पुसावे लागले. नोकरी टिकावी म्हणून या बायांनी आपली जन्माची भांडणं देवाच्या पायावर वाहिली होती.

"मामा," ती म्हणाली, "घातलेलं गाऱ्हाणं परत घेता येतं?"

धुरीमामा एकदम ताठ झाले. बॉयलरपुढं म्हातारा दिसणारा माणूस देवाचं नाव निघताच कर्ता झाला. "घेवक येता. नारळ होयो. आणि सगळी माणसा होयी."

नारळ आला. सगळी माणसं अढीच्या दारात जमली. मामांनी टोपी काढली, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या दोन लेकींनी तुझ्याम्होरं जो शब्द दिलो, तो भियान दिलो. तो शब्द तू आज पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नणंद-भावजयचा भांडण पयल्यासारखा होवं दे, आंबो वेळेर पिकां दे, रस गोड होवं दे, आणि जो कोण ह्या कारखान्याचा वायट चिंतीत असात, त्येचापण त्वांड गोड कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या शेवटच्या होकारानं पत्रे थरथरले. भिंतीवरचा दिवा हिरव्यावरून थेट लाल झाला, भोंगा वाजला आणि अनुजानं कारखान्यातलं एकूणएक यंत्र बंद केलं. पन्नास जणांचा आवाज एकदम चढलेला तिनं आजवर ऐकलाच नव्हता.

"ताई! दंगल आहे! तू सुरक्षित आहेस?"

ती घाबरली होती की नाही, यंत्र घाबरतं की नाही, हे तज्ज्ञांनी ठरवावं. ऋजुताला ती घाबरल्यासारखीच वाटली. "मी ठीक आहे, अनुजा," ती पट्टा तोंडाशी धरून मऊ आवाजात म्हणाली. "ही दंगल नाही. आता तू माझ्याकडून शिकलेलं बाजूला ठेव. हा हंगाम संपेपर्यंत कुणाला हलवायचं नाही, काही थांबवायचं नाही. नुसतं ऐक आणि पुढं काय होतं ते बघ. जशी माझ्याजवळ बसून शिकलीस, तशी आता यांच्याजवळ बसून शीक."

"आणि चूक झाली तर?"

"तर ती माझी."

भांडण लगेच काही पेटलं नाही. नवी चूल धुरकटते, तशा दोघी आधी नुसत्या धुमसल्या. सुलभा म्हणाली, आंबो होयो होतो. दर्शना म्हणाली, आज मिळाचो नाय. मग दर्शनानं देठाशी नाक नेलं आणि तिच्यातली जुनी नणंद जागी झाली.

"वयनी, ह्यो आंबो आज उघडूचो नाय. उद्या म्हणजे उद्या!"

"उद्या? आणि आज माझ्यो टाक्यो काय उपाशी बसतल्यो?"

"बसल्यो तर बसांदेत. कच्चो रस गेलो काय नाव माझ्या अढीचा जाता."

"नावाचा इतका हा तर बारशाक शिरो करपवलंस तेव्हा खय गेल्ला नाव?"

"शिरो मी करपवलंय? चूल कोणी मोठी केल्यान? सांग ना, चूल कोणी मोठी केल्यान?"

तिकडं मागं "उद्या" ऐकून धुरीमामांनी बॉयलरचा जाळ मुकाट कमी केला. हातगाडीवाल्यांनी गाड्या फिरवून धुवायला नेल्या. बारसं, शिरा आणि कुणाच्या तरी लग्नातली पैठणी असं फिरत फिरत भांडण पुन्हा अढीवर आलं आणि मिटलं: वरची अढी आज दुपारी, खालची उद्या सकाळी. दोघी घामाघूम झाल्या होत्या आणि दोघींचे चेहरे कसे उजळले होते! सुलभानं आपल्या डब्यातली सोलकढी नणंदेपुढं सरकवली. "पी गो. घसो सुकलो असतलो."

शेवटचा माल गेला आणि परत आला नाही. उलट खरेदीदारानं आणखी मागितला. कर्णिकसाहेबांचा फोन आला तेव्हा ते लहान मुलासारखे खूश होते. ऋजुतानं त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं.

"विलक्षण!" ते म्हणाले. "ऋजुता, मग हे चाकणलाही सुरू करू या. रोज सकाळी पंधरा मिनिटं, सर्व विभागांत, संरचित भांडण. तू आराखडा पाठव."

"साहेब," ऋजुता म्हणाली, "तिथं प्रेस आहेत." आणि मग तिचा आवाज, आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांपुढं, जरा चढला. "मी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत कुठं? तुम्ही पुन्हा नुसती पेटीच उचलताय!"

पलीकडं कागद बाजूला सारल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "बरं. मग चाकण आहे तसंच राहू दे." कारखाना बंद करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ऋजुता अढीच्या ओट्यावर बसली होती. पेंढ्याचा आणि पिकल्या आंब्याचा वास येत होता. आत दोघी कुणाच्या तरी म्हशीवरून भांडत होत्या. तिनं बराच वेळ फोन हातात धरला, मग लावला.

"शिरीष, शिलाँगचं ठरलं?"

"हो, उद्या होकार कळवतोय. का गं?"

"मला चालणार नाही."

"काय?"

"चालणार नाही म्हटलं! दोन वर्षं? मला विचारलंस ते कसं, तर चहात साखर किती घालू, असं विचारलंस!"

"आणि तू सांगितलंस कसं?" शिरीषचा आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता एवढा चढला. "चालेल की! बस्स! मला वाटलं हिला काही फरकच पडत नाही. मी घरात असलो काय, नसलो काय! मी काय मुद्दाम जातोय? तू एकदा नको म्हणतेस का, याची वाट बघत होतो मी, ऋजुता!"

"मग तसं सांगायचंस ना, शहाण्या!"

"तू तुझं सांगायचं होतंस!"

"मला काय माहीत तू वाट बघतोयस! आणि त्या माथेरानला माझी छत्री..."

"छत्री तू विसरलीस!"

ती ओट्यावरून उठून उभी राहिली होती, मोकळा हात हवेत नाचत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आतली म्हैस केव्हाच थांबली होती. नणंद आणि भावजय दाराच्या चौकटीला डोकं टेकून अगदी भक्तिभावानं ऐकत होत्या.

मनगटावरचा पट्टा हलकेच थरथरला. रोजचा, संध्याकाळचा निरोप होता. छत्रीचा मुद्दा लावून धरता धरता ऋजुतानं तो ओझरता वाचला.

"भांडण चालू आहे, ताई. काळजीचं कारण नाही."